काटा किती चढला?

ती गाडी आमच्या गॅरेजसमोरचा चढ उलटी चढत आली.

आधी वळणावर तिचे मागचे लाल दिवे दिसले, मग मागची काच, आणि काचेआड हसून हसून बेजार झालेल्या दहा-बारा बायका. आमच्या डोंगरातल्या गावात, गंपोल्यात, दुपारपासून पावसाची भुरभुर चालली होती. मी शेडच्या तोंडाशी काळा चहा घेऊन उभी होते. तळहातावरचा गुळाचा खडा तोंडात टाकायचा तसाच राहून गेला.

ड्रायव्हर खिडकीतून अर्धा बाहेर आला होता. मान पूर्ण मागे वळवून, म्हणजे थेट माझ्याकडे बघत. केसांवरून पाणी निथळत होतं, आणि इतक्या अवघड अवस्थेतही तो हसत होता.

"मिस, बाजूला व्हा! माझा ब्रेकवर भरवसा आहे, मानेवर नाही!"

मी बाजूला झाले. गाडी शेडमध्ये येऊन थांबली, दार सरकलं आणि बायका भराभर खाली उतरल्या. पायथ्याच्या कपड्यांच्या कारखान्यात शिवणकाम करणाऱ्या, कामाची पाळी संपवून डोंगरावरच्या गावी घरी निघालेल्या. त्यांची पुढारी सोमलता अक्का, कमरेवर हात ठेवून उभी.

"सरळ का नाही आलात?" मी ड्रायव्हरला विचारलं.

"सरळ ती येईना. ड्राइव्हमध्ये टाकली की नुसती ओरडते, जागची हलत नाही. रिव्हर्समध्ये मात्र लाडात येते."

"म्हणून खालपासून उलटे आलात?"

"मी म्हटलं होतं चालत या. या अक्का ऐकतात का?"

"दिवसभर मशीनवर पाय चालवतो," सोमलता अक्का म्हणाली, "आता रस्त्यावरही चालवू होय रे, मल्ली?"

सगळ्या त्याला मल्लीच म्हणत, धाकट्या भावाला म्हणतात तसं. त्याचं नाव लहिरू.

एवढ्यात हेमपाल मामा लुंगी वर खोचत बाहेर आला. गॅरेज त्याचं. मी तंत्रशाळेत ऑटोमॅटिक गाड्यांचं काम शिकून आले तेव्हापासून तो मला मदतीला ठेवतो आणि माझ्याशी भांडतो. ज्या गाडीला क्लचचं पेडल नाही ती गाडी त्याच्या लेखी गाडीच नाही. त्याने गाडीला हातसुद्धा लावला नाही.

"गिअरबॉक्स गेला. उतरवावा लागेल."

लहिरूचा चेहरा उतरला.

"मामा, थांब ना," मी म्हटलं. "ऑटोमॅटिकमध्ये तेलाच्या दाबानेच आतल्या चकत्या एकमेकींना धरतात. रिव्हर्सला हा दाब मुळात जास्त असतो, म्हणून तिथे धरतंय. ड्राइव्हला पुरत नाही, म्हणून घसरतंय. चकत्या शाबूत असतील. आधी दाब मोजू."

"मोज बाई," मामा म्हणाला. "तुला मोजल्याशिवाय भातही खाववत नाही."

ही तपासणी एकट्याने होत नाही. एकाने स्टिअरिंगवर बसायचं, ब्रेक घट्ट धरायचा आणि सांगितलं की गिअर बदलायचा. दुसऱ्याने काटा वाचायचा. मी चाकांना दगड लावले, फळीवर पाठ टेकून गाडीखाली सरकले, गिअरबॉक्सच्या कुशीतला छोटं बूच काढलं आणि तिथे माझ्या गेजची नळी बसवली. गाडी नुकतीच धावून आलेली, तेल चांगलं तापलेलं होतं. मला दिसत होते फक्त उघड्या दारातून बाहेर आलेले त्याच्या पायातल्या रबरी चपलेचे चिखलाने माखलेले तळवे.

"पाय आत घ्या. ब्रेक दाबा. ड्राइव्ह."

"टाकला... काटा किती चढला?"

"चाळीस पौंड."

"चांगलं की वाईट?"

"साठाच्या वर हवा."

"आणि माणसाचा किती हवा, मिस?"

"ते डॉक्टरला विचारा. रिव्हर्स!"

"टाकला. आता?"

"सत्तर. इथे शंभराला टेकायला हवा होता."

वर सीट करकरली. मग त्याचा आवाज, जरा हळू – "इतकी वाईट बातमी इतक्या गोड आवाजात मी पहिल्यांदाच ऐकतोय."

व्हरांड्यात बायकांमध्ये खसखस पिकली. मी गाडीखाली होते ते बरं झालं. माझ्या गालाचा रंग कुणाला दिसला नाही.

बाहेर सरकून मी मामाला सांगितलं, "दोन्हीकडे कमी आहे. म्हणजे पंपाला तेलच पुरेसं मिळत नाहीये. जाळी तुंबली असणार."

"आणि नसली तर?"

"तर तुझं खरं, गिअरबॉक्स उतरवू."

जाळीच तुंबली होती. दुसऱ्या दिवशी तेलाचं चेंबर खाली घेतलं, तर तेल लाल असायचं ते तपकिरी झालेलं, आणि जाळीवर काळ्या लेपाचा थर, जणू कुणी वाकळ पांघरली होती. लहिरू बायकांसाठी मित्राची गाडी चालवत होता, पण मधल्या वेळात आमच्याकडे हजर. म्हणे, शिकायचंय. मी त्याला रॉकेलच्या परातीपुढे बसवलं आणि हातात ब्रश दिला.

"माझ्या आधी ही गाडी कुणी तपासलीच नव्हती का?"

"कशाला तपासतील? मी तिला विकणार आहे हे सगळ्यांना ठाऊक आहे." तो परातीत बघत बोलत होता. "सनत अय्या कोरियात आहे ना, माझा थोरला भाऊ. तिथल्या कारखान्यात. मलाही बोलावतोय. भाषेची परीक्षा पास झालोय मी. गाडी नीट झाली की नावलपिटिया गावचं एक गिऱ्हाईक घेणार आहे. मग... विमान."

माझ्या हातातला पाना का कोण जाणे नटावरून सटकला.

"कोरियन येतं म्हणजे तुम्हाला? बोला बघू काहीतरी."

तो गंभीर चेहरा करून एक लांबलचक वाक्य बोलला.

"म्हणजे काय?"

"'हात यंत्रापासून दूर ठेवा.'"

"हे मला सांगताय?"

"नाही," तो म्हणाला. त्याची नजर माझ्या तेलकट मनगटावरून हलत नव्हती. "मी मलाच सांगतोय."

नवी जाळी बसली, नवं लाल तेल पडलं, तेव्हा उभ्या गाडीत काटा शहाण्यासारखा वर गेला. पण खरी परीक्षा रस्त्यावर. मी नळी खालून वर काढली, खिडकीतून आत घेतली, गेज मांडीवर ठेवलं आणि त्याच्या शेजारी बसले. आम्ही अंबुलुवावा डोंगराच्या वाटेला लागलो. ऊन आणि धुकं यांची पळापळी चालली होती. चहाच्या मळ्यांचे हिरवे पट्टे मधूनच दिसत, मधूनच पुसले जात. मागच्या बाकावर कुणी नव्हतं. गाडीत नवं तेल, ओला रस्ता आणि त्याच्या शर्टाचा साबण, असा तिन्हींचा मिळून एक वास होता.

"दाबा," मी म्हणाले. "वळणानंतर पूर्ण दाबा."

गाडी चढाला भिडली आणि कुठेही न घसरता, न ओरडता वर निघाली. काटा सरसर चढला.

"नदीशा, किती?" त्याने पहिल्यांदाच मला नावाने हाक मारली.

"दीडशे... एकशे साठ! बघा, गिअर बदलला तरी जरासा हलला आणि पुन्हा जागेवर! किती सुंदर आहे!"

"खरंच सुंदर आहे."

"तुम्ही काट्याकडे बघतच नाही आहात."

"मी कुठे म्हटलं काट्याकडे बघतोय?"

"रस्त्याकडे बघा, लहिरू अय्या. रस्त्याकडे!"

आमच्याकडे वयाने थोड्या मोठ्या कुणालाही अय्या म्हणायची रीत आहे. त्याने निमूट समोर पाहिलं. मीही खिडकीबाहेर. पण खिडकीच्या काचेत त्याचं हसू दिसत होतं, आणि मला वाटतं, माझं त्याला.

गाडी उत्तम झाली होती. इतकी उत्तम की आता तिला गिऱ्हाईक लगेच मिळणार होतं. मी आयुष्यात पहिल्यांदा माझ्या चांगल्या कामावर चिडले.

पण गाडी इतक्यात विकली गेली नाही; कोरियाचं बोलावणं अजून आलं नव्हतं. उलट ती पुन्हा आमच्या दारात आली.

"आवाज येतोय," लहिरू म्हणाला.

"कसला?"

"बारीक. रडल्यासारखा."

मी गेज लावलं. सगळं ठीक. तो चहा पिऊन गेला. मग पुन्हा आला. या वेळी गाडी "मधेच उदास होते" अशी तक्रार. पुन्हा गेज, पुन्हा सगळं ठीक, पुन्हा चहा आणि सोबत त्याने आणलेले माशाचे गरम पाव. मामा वर्तमानपत्राआडून खाकरला. मी खोटं कशाला बोलू, सकाळी केस विंचरताना मी आता आरशापुढे जरा जास्तच रेंगाळू लागले होते.

आणि मग एका दुपारी तो आला, तेव्हा खरंच बिघाड होता.

उभ्या गाडीत काटा बरोबर, पण ॲक्सिलरेटर दाबला की वर चढेच ना. मी पुढची सीट उचलली. त्या गाडीचं इंजिन सीटखालीच असतं. ॲक्सिलरेटरपासून गिअरबॉक्सपर्यंत एक केबल जाते. पाय जितका दाबावा तितका ती तेलाचा दाब वाढवून घेते. ती केबल सैल होती. आणि तिच्या नटावर पान्याच्या ताज्या, चकचकीत खुणा होत्या.

नट आपोआप सैल होतात. पण त्यांच्यावर आपोआप ओरखडे उमटत नाहीत.

मी मान वर केली. लहिरूच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

"तुम्ही केलंत?"

"नदीशा, ऐक..."

"तुम्ही केलंत का?"

"खालच्या वळणावर. आत्ता. बायका उतरल्यावरच... रिकामी गाडी होती, शपथ! काहीतरी कारण हवं ना यायला. तुझा तो काटा दर वेळी मला खोटं पाडतो."

"आणि पुन्हा घट्ट करायला विसरला असतात तर?" माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. "बारा बायका घेऊन चढावर गेला असतात तर? दाब नसला की चकत्या जळतात, अय्या. अर्ध्या चढात जळतात. मग मागे दरी आहे आणि हातात फक्त ब्रेक."

शेडच्या पत्र्यावर पाऊस वाजायला लागला.

"बिनकारणाने यायला तोंड नव्हतं मला," शेवटी तो पुटपुटला.

"बिनकारणाने आला असतात तर मी चहा दिला असता," मी म्हणाले. केबल नीट ताणली, नट कसले आणि सीट धाडकन खाली टाकली. "आता कारण असलं तरी येऊ नका. दुसरं गॅरेज बघा."

तो गेला. मी बराच वेळ हात धूत बसले. तेल कधीच निघालं होतं, तरी धूतच राहिले.

त्यानंतर ती गाडी रोज सकाळी आमच्यासमोरून चढ चढून जायची, सरळ, तोऱ्यात, न थांबता. तो वळून बघायचा नाही. मी बघायची नाही असं ठरवून रोज बघायची. आपण बरोबर होतो हे मला ठाऊक होतं. पण बरोबर असून दिवस इतका लांब का वाटावा?

एका संध्याकाळी गाडी कोपऱ्यावर थांबली आणि एकटी सोमलता अक्का उतरून आली.

"त्याने सांगितलं आम्हाला सगळं," ती बाकावर टेकत म्हणाली. "स्वतःहून. आम्ही असा सोलून काढला की बस! कित्येक दिवस गाडीत कुणी त्याच्याशी अक्षर बोललं नाही. गाढवच तो."

"मग?"

"मग काय? गाढव आहे, पण खोटारडा नाही. तू विचारलंस तेव्हा कबूल झाला ना?" तिने माझ्या हनुवटीला हात लावला. "पोरी, त्याला कोरियातून बोलावणं आलंय. शनिवारी ते नावलपिटियाचे गिऱ्हाईक महत्तया गाडी बघायला येणार. तुझ्याच हातून तपासून हवी म्हणतात. मी आपलं तुझ्या कानावर घातलं."

शनिवार उजाडला तो ढग घेऊनच.

रत्नसिरी महत्तया (साहेबाला आम्ही महत्तया म्हणतो) पांढऱ्या शर्टातले, पोट सुटलेले, हसऱ्या डोळ्यांचे गृहस्थ होते. त्यांनी काळी छत्री मिटली आणि मामाशेजारची खुर्ची घेतली. लहिरू स्टिअरिंगवर बसला. मी गाडीखाली सरकले. आम्ही एकमेकांशी दोन सरकारी कचेऱ्यांसारखे बोललो.

"ब्रेक दाबावा."

"दाबला आहे."

"ड्राइव्ह."

"टाकला आहे."

काटा सत्तरावर स्थिर. रिव्हर्सला शंभराच्या पुढे. मग ब्रेक आणि ॲक्सिलरेटर दोन्ही दाबायला लावले. इंजिन गरजलं, गाडी जागच्या जागी थरथरली आणि काटा वर, वर, वर गेला. "सोडा!" मी ओरडले. काटा अलगद खाली आला.

वीस पौंड कमी सांगितले असते तर? कुणाला कळलं असतं? त्या फळीवर पडल्या पडल्या हा विचार माझ्या मनात येऊन गेला, हे मी कबूल करते. गिऱ्हाईक परत गेलं असतं. लहिरू थोडे दिवस राहिला असता... पण ज्या नटासाठी मी त्याला हाकलून दिलं होतं, तसलाच नट मीही सैल करणार होते का?

मी बाहेर आले आणि खरे आकडे सांगितले.

"वा!" महत्तयांनी मांडीवर थाप मारली. "म्हणजे गाडीत काही दोष नाही."

"गाडीत नाही," मी म्हणाले.

"मग कशात आहे?"

माझ्या छातीत इंजिन चालू होतं. मी खिडकीपाशी गेले. इतक्या जवळून त्याच्या डोळ्यांखालची जाग्रणाची काळी छटा दिसली.

"लहिरू अय्या, तुला कोरियाला जायचंय का?"

'तुला' ऐकून तो दचकला. "सगळं ठरलंय, नदीशा."

"ठरलंय का ते नाही विचारलं. जायचंय का?"

त्याने किल्ली फिरवून गाडी बंद केली. एकदम इतकी शांतता झाली की मामाच्या वर्तमानपत्राचं पान वळलेलंही ऐकू आलं.

"...नाही," तो म्हणाला. "मला हे डोंगर आवडतात. त्या भांडकुदळ अक्का आवडतात. पण सनत अय्या दर वेळी फोनवर विचारतो, तिथे तुझ्यासाठी आहे काय? मला उत्तर देता येत नाही."

"मग मला विचार."

"काय विचारू?"

"हेच."

त्याने माझ्याकडे पाहिलं. या वेळी ना हसू, ना थट्टा. "नदीशा... इथे माझ्यासाठी काय आहे?"

माझ्या गालावर तेलाचा डाग होता, केसांत शेडमधली धूळ होती, आणि चार डोळे पाठीला टोचत होते. मी ठरवलं होतं त्यातलं एकही वाक्य आठवेना.

"मी आहे," मी म्हणाले.

मागे कुठेतरी मामाच्या चहाचा पेला खणकन आदळला.

लहिरू दार उघडून खाली उतरला, आणि उतरल्यावर पुढे काय करायचं हे न सुचून तसाच उभा राहिला. मग महत्तयांकडे वळून त्याने हात जोडले. "मला माफ करा. गाडी विकायची नाही."

"म्हणजे मी बसने परत जायचं?" महत्तया छत्री उघडत म्हणाले. मग त्यांचं पोट हसण्याने हलायला लागलं. "जातो बाबा. माझा जावई अशीच गाडी चालवतो, तिचंही तोंड वाकडं झालंय. पाठवतो या मुलीकडे. लग्न मात्र कळवा."

मामाने लहिरूला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. "काय रे, क्लचची गाडी चालवता येते का तुला?"

"येते, मामा."

"मग माझी काही हरकत नाही," असं म्हणून तो नवा चहा टाकायला आत गेला.

आता उरला होता एक फोन. संध्याकाळी शेडमध्ये बसून लहिरूने तो लावला. मी उठून जात होते, तर त्याने माझा हात धरून ठेवला. पलीकडून सनत अय्याचा आवाज आधी शांत होता, मग चढला. मूर्ख, करंटा, अशी एकेक विशेषणं मलाही ऐकू येत होती. लहिरू "हो अय्या... हो अय्या" करत राहिला. शेवटी पलीकडचा आवाज थांबला. मग त्याने काहीतरी विचारलं, आणि लहिरूने फोन माझ्या हातात दिला.

"नदीशा बोलतेय, अय्या."

मला वाटलं, आता मलाही दोन शब्द ऐकावे लागणार.

"मागे तो आवाज कसला येतोय?" त्याने विचारलं. त्याचा सूर एकदम वेगळा, थकलेला होता.

"पाऊस आहे, अय्या. पत्र्यावर पडतोय."

"गंपोल्यात पाऊस आहे..." तो स्वतःशीच म्हणाला. "फोन जरा बाहेर धरतेस का, धाकटे?" हाक मारली ती धाकट्या बहिणीला मारतात तशीच.

मी लहिरूकडे पाहिलं. आम्ही दोघं उठून शेडच्या तोंडाशी गेलो आणि मी हात लांब करून फोन पत्र्याच्या कडेखाली धरला. तो भिजू नये म्हणून लहिरूने माझ्या हातावर आपल्या दोन्ही तळव्यांचं छप्पर केलं. चढावरून पाणी वाहत होतं, समोरचे मळे दिसेनासे झाले होते. पलीकडे, समुद्रापार, एक माणूस एक अक्षरही न बोलता ऐकत होता. हात अवघडले, बाह्या भिजल्या, तरी आम्ही तसेच उभे राहिलो. त्याचं ऐकून होईपर्यंत.